शून्याचा दहावा हिस्सा

फीत कापून झाली, पेढे वाटून झाले, नगराध्यक्षांचं भाषण आवरतं घेण्याचं वचन देऊनही लांबून झालं, आणि मग घसरगुंडीने मुलांना घसरू द्यायला साफ नकार दिला.

पहिला मुलगा वर जाऊन बसला, हातभर सरकला आणि थांबला. मागची मुलगी त्याच्या पाठीला येऊन टेकली. तिच्या मागे आणखी एक. बघता बघता सगळा उतार भरला. मुलं हातगाडीवरच्या दुधीभोपळ्यांसारखी एकाला एक लागून बसली होती आणि खाली उभ्या असलेल्या आया एका सुरात ओरडत होत्या, "अरे सावकाश! पडशील! ए सोन्या, पडशील ना!"

"ताई," जमीर उत्कर्षाच्या कानाशी येऊन पुटपुटला, "पडायला आधी हलायला तर पाहिजे."

उत्कर्षा थोरातने ती घसरगुंडी घडवली होती आणि जमीर मुजावरने तिचा मेंदू लिहिला होता. कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावात बिनचालकाची एसटी येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे यंत्राचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण विचार करणारी घसरगुंडी देशात पहिलीच होती, आणि पहिल्याच दिवशी ती विचारच करत बसली होती.

दिसायला ती साधी होती. तिच्या अंगावरून वरून खाली हात फिरवला तर रेशीम लागायचं, खालून वर फिरवला तर मांजराची जीभ. सापाच्या पोटावर असतात तशी मोहरीएवढी खवलं तिच्या सगळ्या अंगावर होती. विजेचा बारीकसा झटका मिळाला की खवलं निजायची, झटका थांबला की उभी राहायची. निजली की उतार गुळगुळीत, उभी राहिली की खरखरीत. उताराचा कोन न बदलता घसरण्याचा वेग हवा तसा कमीजास्त करता येत होता, आणि तोही प्रत्येक मुलासाठी वेगळा.

खवलांच्या खाली जाळी होती. मूल कसं बसलंय, मांडी सैल आहे की आवळलेली, श्वास पोटातून येतोय की छातीतून, हे तिला कळायचं. शिडीच्या पहिल्या पायरीत तर हाड ऐकणारा कान बसवला होता, आणि तसाच एक खाली वाळूतही. टाच टेकली की पायरी एक नाद टाचेतून पाठवायची, माणसाला ऐकू न येणारा. भरीव हाडातून तो झपकन पार व्हायचा, विरळ हाडात रेंगाळायचा. मूल वर पोचेपर्यंत घसरगुंडीला त्याच्या हाडांचं बरंवाईट समजलेलं असायचं.

आणि नियम एकच होता. काल या मुलाने जेवढा वेग मजेत घेतला, त्यात आज त्याचा दहावा हिस्सा मिळवायचा. बिचकलं तर तेवढं मागे यायचं. कारण भीती पोलिओच्या डोससारखी असते, असं उत्कर्षाचं मत होतं. वेळच्या वेळी थेंब थेंब मिळाली तर माणूस आयुष्यभर उभा राहतो. मुळीच मिळाली नाही तर मोठेपणी साध्या जिन्यालाही घाबरतो.

नकाराचं कारण जमीरला दुसऱ्या दिवशी सापडलं. बागेतल्या बाकावर तो मांडीवर पडदा घेऊन बसला होता आणि स्वतःशीच हसत होता.

"ताई, हिचा मूळ मेंदू परदेशात शिकलाय. तिकडच्या बागांत मोठी माणसं गप्प बसतात. कुणी ओरडलंच तर खरोखर काहीतरी असतं. कुत्रा आलेला असतो, नाहीतर मुलीचा मफलर अडकलेला असतो. म्हणून मोठ्या माणसाच्या आवाजाला हिच्याकडे सगळ्यात जास्त मान."

"चांगलंच आहे की मग."

"चांगलं आहे, पण आपल्या आया सांभाळून म्हणत नाहीत. पडशील म्हणतात. भविष्यकाळ, द्वितीय पुरुष, एकवचन. हिने व्याकरण बघितलं आणि म्हणाली, जन्म देणारी बाई छातीठोकपणे सांगतेय हा पडणार, तर मी कोण त्याला सोडणारी?"

उत्कर्षाला हसू आवरेना. "खरंय रे. आपण इशारा देतच नाही. थेट भविष्य सांगतो. हात मोडशील, डोकं फोडशील, बुडशील, मरशील."

"माझी अम्मी तर तारीखवारासकट सांगायची."

सोपा उपाय होता, घसरगुंडीचे कान बंद करायचे. पण खरा कुत्रा आला तर? शेवटी ठरलं की तिने ऐकायचं, पण मानायचं नाही. मोठ्यांनी ओरडावं, मुलांनी घसरावं, आणि कुठल्या ओरडण्याला किती अर्थ आहे हे तिचं तिने शिकावं.

पावसाळा संपता संपता जमीरने उत्कर्षाला परत बाकावर बोलावलं. या वेळी तो हसत नव्हता.

पडद्यावर एका मुलाचं घसरणं रेघांनी काढलेलं होतं. मांडी सैल, हात घसरगुंडीच्या कडेवर, श्वास छान. मग आईचा आवाज. त्यानंतर मांडी दगड होते. हात कडेवरून सुटतो. मान आईला शोधायला वळते. तोल जातो.

"हे एकाचं," जमीर म्हणाला. त्याने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येकात तोच क्रम. आई भेळ आणायला गेलेली असली तर मुलं सहसा पडतच नव्हती.

"म्हणजे पडताना दिसतं म्हणून त्या ओरडत नाहीत," उत्कर्षा हळू म्हणाली.

"नाही ताई. त्या ओरडतात म्हणून पोरं पडतात."

समोर मुलांचा गोंधळ चालला होता. एक शब्द हवेतून जातो आणि कुणाच्या तरी मांडीचा स्नायू आवळतो, एवढं साधं ते होतं. पण शब्द हाडामांसाला धरताना त्या दोघांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा तिला असं कधी झालं नव्हतं.

आठवड्याभरात बागेत पाटी लागली. मजकूर उत्कर्षाचाच. "या आवारात भविष्य सांगण्यास सक्त मनाई आहे."

फाटकाबाहेर पोपट घेऊन बसणारे ज्योतिषी तावातावाने विचारायला आले. बागेची देखरेख करणाऱ्या मंदामावशींनी त्यांना कसंबसं शांत केलं. "तुम्हाला नाही हो काका, आयांना. तुमचं काय, तुमचं कधी खरं होतंय?" मग मावशींनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि पाटीची अंमलबजावणी हातात घेतली. कुणी "पड" म्हटलं की शिट्टी. एका बाईंनी "पडवळ आणायचंय" म्हटलं, तरी शिट्टी.

आणि मग बाग बदलली. आया पदर, ओढणी, जे असेल ते दातांत धरून उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मुलं उलगडायची. एकाच रांगेतून एक दांडगा मुलगा गोफणीतल्या दगडासारखा सुटायचा, तर त्याच्यामागची बुजरी मुलगी पानावरून ओघळणाऱ्या थेंबासारखी यायची, आणि दोघंही खाली पोचल्यावर सारखीच हसायची. महिन्यापूर्वी पायरीवर रडणारी मुलं आता हात सोडून येत होती. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मापाची भीती मिळत होती. लांबच्या शहरांतून माणसं बघायला यायची आणि बोलायचं सोडून नुसती उभी राहायची.

हे सगळं करंजाच्या झाडाखाली बसून एक मुलगी रोज बघत होती. ती उत्कर्षाची मिहिका.

मिहिका नऊ वर्षांची होती आणि जन्मापासून तिची हाडं ठिसूळ होती. हाड म्हणजे सिमेंट आणि सळई. तिचं सिमेंट ठीक होतं, पण सळईचं काम करणारे कोलॅजेनचे धागे विरविरीत होते. एकदा शिंकताना तिची बरगडी गेली होती. पायांना आधाराच्या पट्ट्या लावून ती चालायची, बेताबेताने, सासरी नव्याने आलेल्या मुलीसारखी. बागेत आईच्या हत्यारांची पेटी सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. पेटी सांभाळता सांभाळता ती प्रत्येक मुलाचा वेग नुसत्या डोळ्यांनी सांगायला शिकली होती, आणि जमीरच्या पडद्याशी तो जुळायचा.

"आई, तुझी घसरगुंडी सगळ्यांना ओळखते," ती एकदा म्हणाली. "मला सोडून."

उत्कर्षाने ऐकू आलं नाही असं दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला तपासणी होती. डॉक्टर शुभदा आठल्ये मिहिकाला लहानपणापासून बघत होत्या आणि गोड बोलण्यात वेळ घालवत नव्हत्या. मिहिकाला बाहेर खेळणी बघायला पाठवून त्यांनी हाडांचे एक्स-रे उत्कर्षा आणि तिचा नवरा संग्राम यांच्यासमोर ठेवले.

"औषध लागू पडतंय. पण औषध फक्त विटा आणून देतं. बांधायचं कुठे हे शरीर भारावरून ठरवतं. जिथे हादरा बसतो तिथे हाड बांधलं जातं. जिथे बसत नाही तिथे शरीर म्हणतं, इथे कोण राहतंय, कशाला बांधा. उलट असलेलं काढून नेतं. मांडीचं हाड बघा, गेल्या वर्षीपेक्षा पातळ झालंय."

"आम्ही तिला खूप जपतो," उत्कर्षा म्हणाली.

"तेच सांगतेय. वर्षभरात हादरे मिळाले नाहीत तर ती उभी राहू शकणार नाही. मग चाकांची खुर्ची, आणि ती कायमची. लहान हादरे हवेत, मोजलेले, रोजचे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे जगात कुठे मिळतात ते तुम्ही मला विचारू नका, थोरातबाई. मी तुमची घसरगुंडी टीव्हीवर बघितलीय. उतरताना मोजून हादरा देते ना ती? मिहिकासाठी माझी परवानगी आहे. हवं तर लिहून देते."

घरी परतल्यावर मिहिका पट्ट्या सोडायला आत गेली तेव्हा संग्रामने विषय काढला. तो शाळेत खेळाचा शिक्षक होता. गावातल्या निम्म्या पोरांना त्याने पळायला शिकवलं होतं.

"कधी न्यायचं बागेत?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे विचार करू. तिच्या हाडांना हे झेपेल का, मला..."

"डॉक्टर म्हणाल्या ना झेपेल."

"डॉक्टरांना काय होतंय म्हणायला? शिंकेला बरगडी गेली होती, संग्राम. तेव्हा मी होते जवळ. आवाज आला होता मला."

"मीपण होतो. सगळ्या गावाच्या आयांच्या तोंडाला तू कुलूप घातलंस, उत्कर्षा. पाटी लावून. गावाची सगळी पोरं सोडलीस. फक्त घरची धरून ठेवलीस."

आतून मिहिकाचा आवाज आला. "बाबा, भांडू नका. मी जाणारच आहे."

ती गेली. सोमवारी बागेला सुट्टी असायची, म्हणून सोमवारी. फाटक बंद, आत फक्त घरची तीन माणसं, जमीर आणि मंदामावशी. मिहिकाने पहिल्या पायरीवर टाच टेकली, कठडा धरून एकेक पायरी चढली, वर पोचल्यावर फ्रॉक नीट केला आणि बसली. उत्कर्षाने ओढणीचं टोक दातांत धरलं.

काही झालं नाही.

मिहिकाने स्वतःला थोडं पुढे ढकललं. ती तसूभरही हलली नाही. रांगेत तिच्याहून निम्म्या वयाची पोरं जिथून सुसाट सुटायची तिथे ती चिकटून बसली होती.

जमीर पडद्यावर वाकला. मग अवघडल्यासारखा उत्कर्षाकडे आला. "ताई, घसरगुंडी तिला सोडत नाहीये. कुणी ओरडलेलं नाही, तरी सोडत नाहीये." त्याला पुढचं बोलायचं नव्हतं. "काही मुलांच्या बाबतीत असं होत असेल. बाहेरून ओरडायची गरजच उरत नाही. आवाज आत जाऊन बसलेला असतो."

"माझा."

"मी असं नाही म्हणालो."

उत्कर्षा उठून फाटकाबाहेर गेली, लेकीच्या नजरेआड. पोपटवाले ज्योतिषी आपल्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघून पोपटाचा पिंजरा जरा पुढे सरकवला, आणि तिचा चेहरा बघून परत मागे घेतला. खूप वेळाने संग्राम मिहिकाला घेऊन बाहेर आला. तिला वरून उचलून घ्यावं लागलं होतं.

रस्ताभर उत्कर्षाला एकच गोष्ट दिसत होती. नऊ वर्षं रोज घातलेला एकेक शब्द. चालू नको, लागेल. उठू नको, मोडेल. सगळे शब्द लेकीच्या मांडीत जाऊन बसले आणि त्यांची गाठ झाली.

"मला माफ कर हं, मिहू," ती घरी आल्यावर म्हणाली. "तू घाबरलीस ते माझ्यामुळे."

मिहिकाने कपाळाला आठ्या घातल्या. "मी? मी कुठे घाबरले? मी मस्त बसले होते. तीच घाबरली."

"कोण ती?"

"तुझी घसरगुंडी."

मुलं स्वतःला धीर द्यायला असं बोलतात, असं म्हणून उत्कर्षाने ते सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बागेत गेल्यावर तिने जमीरला मिहिकाच्या रेघा काढायला लावल्या. दोघं वाकून बघत राहिले.

मांडी सैल होती. श्वास पोटातून. हात कडेवर अलगद. भीतीची एकही खूण नव्हती. गावातल्या कुठल्याही मुलाच्या पहिल्या दिवशी एवढं निवांत शरीर त्यांनी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ती खरंच घाबरली नव्हती," जमीर म्हणाला. "आपण ना ताई, पडशील शोधून काढल्यापासून जिथे तिथे पडशीलच बघायला लागलोय."

"मग सोडली का नाही?"

त्याने आतले नियम उघडले. ओळीवर ओळ सरकत गेली आणि एका ओळीपाशी दोघांची नजर एकदमच थांबली. नवीन मूल आलं की त्याला त्याच्या वयाच्या इतर मुलांचा वेग मिळायचा, सुरुवात म्हणून. पण पायरीला हाडात नाद रेंगाळताना ऐकू आला, तर सुरुवात शून्य. ही खबरदारी उत्कर्षाने स्वतः सुचवली होती. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. कुणासाठी सुचवली होती हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी कालच्या वेगात त्याचा दहावा हिस्सा मिळवायचा.

"शून्याचा दहावा हिस्सा किती?" उत्कर्षाने विचारलं.

मिहिका रोज येऊन बसली असती, वर्षभर, दहा वर्षं, म्हातारी होईपर्यंत, तरी घसरगुंडीने तिला सोडलं नसतं. दहावा हिस्सा मिळवत राहिली असती, इमानदारीत, आणि शून्यात काही मिळालं नसतं. तिच्यात वाईट काही नव्हतं. फक्त पहिला तीळ ती स्वतः टाकू शकत नव्हती. तो कुणीतरी बाहेरून टाकायला हवा होता.

"किती टाकू?" जमीरने विचारलं.

"तू नको. मला दे."

त्याने पडदा तिच्या हातात दिला. एक रिकामा रकाना होता: सुरुवातीचा वेग. उत्कर्षाने बोट ठेवलं आणि काढलं. परत ठेवलं. गावातल्या शेकडो मुलांचे वेग तिला तोंडपाठ होते, पण हा एक आकडा तिला सुचेना. शेवटी तिने जो भरला तो बघून जमीरच्या भुवया वर गेल्या.

"ताई, याला घसरणं म्हणत नाहीत. सावली याच्यापेक्षा जोरात सरकते."

"शून्यापेक्षा जास्त आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

या वेळी मिहिकाने अट घातली होती. सोमवारी नाही, सगळे असताना. म्हणून ती इतरांसारखी रांगेत उभी राहिली, इतरांसारखी चढली, बसली. आणि काही झालं नाही असं सगळ्यांना वाटलं.

"ए, चल ना!" मागचा मुलगा म्हणाला.

"चाललेय," मिहिका म्हणाली.

मुलाने तिच्याकडे बघितलं, तिच्या फ्रॉकच्या काठाशी उतारावर रंगवलेल्या निळ्या रेघेकडे बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं. मग तो खाली ओरडला, "अरे! ही खरंच चाललीय! मघाशी ही निळी रेघ झाकलेली होती!"

इतक्या हळू घसरणं निसर्गात नसतं. वस्तू एकतर उताराला धरून राहते, नाहीतर सुटते. मधलं काही नाही. डोंगराच्या कड्यावर शंभर वर्षं बसलेला दगड एका क्षणात जातो. ते मधलं जमवण्यासाठी घसरगुंडीने सगळं अंग कामाला लावलं होतं. मिहिकाच्या खालची खवलं ती पाळीपाळीने निजवत होती, एक सोडायचं, एक धरायचं. हजारो खवलांची एक लाट वरून खाली चालली होती आणि तिच्यावर ती पोरगी बसली होती.

"आई," मिहिका म्हणाली, "माझ्याखाली मुंग्या चालतायत. खूप मुंग्या. मला उचलून नेतायत."

सुरुवातीला मुलं कंटाळली. मग कुणीतरी गवताची काडी आणून मिहिकाच्या पायाशी कडेवर ठेवली. काडीपासून पाय पुढे गेला तेव्हा टाळ्या पडल्या. मग दुसरी काडी. वर रांगेत थांबलेली मुलं एकेक करून खाली उतरून आली आणि वाळूत बसली. आया आल्या. भेळवाला आला. कुणी बोलत नव्हतं, आणि मावशींची शिट्टी नुसती गळ्यात लटकत होती. चंद्र वर येताना माणसं गप्प होऊन बघतात, तसं ते सगळं गाव एका मुलीला घसरताना बघत होतं. ती हलताना कुणालाच दिसत नव्हती. पण प्रत्येक वेळी ती थोडी खाली असायची.

उत्कर्षा उताराच्या बाजूला पडदा धरून उभी होती. लेक पडलेली नव्हती आणि पोचलेलीही नव्हती. नऊ वर्षांत असा एकही क्षण तिने टिकू दिला नव्हता, मधेच हात घातला होता. आता तो क्षण संपतच नव्हता. तिच्या पोटातून तो शब्द वर आला, घशाशी आला. तिने तो गिळला. तो परत आला.

"मी काही बोलणार नाही," शेजारून संग्राम म्हणाला.

"बोलतोयस की."

"एवढंच."

उतार निम्मा झाला होता. मिहिकाने मान वळवून आईकडे बघितलं. "आई, आता सोड ना."

"चाललीयस की बाळा."

"असं नाही. खरं. सगळ्यांसारखं." मग जरा खालच्या आवाजात, "बोअर होतंय आई. आणि ती सोडायला तयार आहे. मला कळतंय."

उत्कर्षाने पडद्याकडे बघितलं. मांडी सैल. श्वास पोटातून. खवलांना आज्ञा हवी होती. घसरगुंडी स्वतःहून वेग उद्या वाढवणार होती, दहाव्या हिश्शाने, म्हणजे उद्याही सावली हिला मागे टाकणार होती. आणि हाडाला हादरा हवा होता. सावलीला हादरा नसतो. आजचा आकडा आईचा होता, तो बदलायचा तर आईनेच.

जमीर दुसरीकडे बघत होता. संग्रामने हात खिशात घातले होते आणि खिशात मुठी वळल्या होत्या.

तिचं बोट पडद्यावर टेकलं आणि सरकलं. कुठपर्यंत ते तिने बघितलं नाही. ती लेकीकडे बघत होती.

खवलं निजली. सरसर असा आवाज झाला, वाऱ्याने वडाची पानं हलावीत तसा, आणि मिहिका गेली. काड्या उडाल्या. फ्रॉक फुगला. तिच्या तोंडून जे निघालं ती किंकाळी होती की हसू, हे कुणालाच सांगता आलं नसतं. टाचा वाळूत रुतल्या, ती पुढे झुकली आणि हातांवर आपटली.

पडद्यावर टाचेपासून उजेडाची एक रेघ निघाली. घोट्यातून नडगीत, नडगीतून गुडघ्यात, गुडघ्यातून मांडीत चढली आणि कमरेपाशी जाऊन विझली. नऊ वर्षांत त्या हाडांनी हे कधी पाहिलं नव्हतं. एका आईने आपल्या लेकीच्या अंगात भार चढताना पाहिला, आणि हाड त्याला वाट देताना पाहिलं. काही मोडलं नाही.

मिहिका उठली, तळहातांची वाळू झटकली. आईकडे बघितलंच नाही. पट्ट्या सावरत, बेताबेताने ती शिडीकडे निघाली. एक मुलगी तिला म्हणाली, "तू जा ना आधी, मी थांबते." मिहिका म्हणाली, "नको, रांग आहे." आणि मागे जाऊन उभी राहिली.

आता दुसऱ्या खेपेसाठी जरा कमी करावा, असं उत्कर्षाच्या मनात आलं. थोडासाच. तिने पडद्यावर रकाना शोधला. वर बघितलं, खाली बघितलं, बोटाने सगळं सरकवून बघितलं.

"जमीर, अरे, तो रकाना कुठे गेला? सुरुवातीचा वेग?"

जमीरने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "गेला, ताई."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे ती आता तुम्हाला विचारणार नाही. मिहिकाकडे आता स्वतःचा 'काल' आहे. तिथून पुढे त्या दोघी बघून घेतील."

उत्कर्षा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. काय वाटतंय ते तिला नीट कळेना. तेवढ्यात सर्रकन आवाज आला आणि पोरांचा एकच कल्ला उठला. तिने दचकून मान वर केली, तर मिहिका वाळूत बसून फ्रॉकमधली वाळू काढत होती.

"गेली? गेलीसुद्धा?" तिने संग्रामकडे बघितलं. तो डोळे पुसत होता, त्यालाही दिसलं नव्हतं. "मावशी, कशी गेली हो? हळू गेली की जोरात?"

"मला काय माहीत, मॅडम," मंदामावशी म्हणाल्या. "मी आयांकडे बघत होते."

मग लेकीलाच विचारावं म्हणून उत्कर्षा वळली, पण मिहिका परत रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिच्या मागे तोवर आणखी पाच-सहा मुलं लागली होती.